चाळीस ते पंचावन्नच्या मधला आवाज

माझ्या जीपला आवाज यायला लागला तो श्रावण सरता सरता. चाळीसच्या आत काही नाही. काटा चाळीसवर टेकला की पायाखालच्या पत्र्यातून घुर्र सुरू व्हायचं, पंचावन्नपर्यंत चढत जायचं आणि त्यापुढं गेलं की एकदम गप्प. झोपेत दात खाणाऱ्या माणसाशेजारी बसून प्रवास केल्यासारखं वाटायचं.

मी जनावरांची डॉक्टर आहे. घर कोल्हापुरात, पण निम्मे गोठे शाहूवाडीकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर. पावसाळ्यात भातखाचरांच्या कडेनं वर जाणाऱ्या त्या लाल वाटांवर साधी गाडी पायथ्यालाच नांगी टाकते. म्हणून गारगोटीच्या एका दगडखाणवाल्याकडून मी ही जुनी, चारही चाकांनी ओढणारी डिझेल जीप घेतली. वय वीसच्या पुढं. दारं वाजतात, काचा हातानं ढकलून वर कराव्या लागतात. पण वाडीवर जाताना तिनं मला एकदाही खाली उतरायला लावलं नाही, आणि तेवढ्यावर आमचं जमलं होतं.

आवाजाबद्दल मी घरात बोलले, ही पहिली चूक. माझा नवरा बँकेत आहे. त्याला गाड्यांतलं काही कळत नाही आणि ते तो मान्य करतो, हा त्याचा मोठा गुण. पण त्यानं आपल्या धाकट्या भावाला फोन लावला.

हा माझा दीर. पेठ वडगावात त्याचं फरशीचं दुकान आहे. दर रविवारी तो आणि त्याच्यासारखे दहा-बाराजण काळे टी-शर्ट घालून डोंगरात जीपा घेऊन जातात, मुद्दाम चिखलात घालतात आणि मग एकमेकांना दोरखंडानं ओढून काढतात. ज्या वाटेनं माझ्या वाडीवरच्या बाया डोक्यावर गवताचा भारा घेऊन रोज उतरतात, त्या वाटेवर हे लोक हेल्मेट घालून जातात. त्याचे व्हिडिओ काढतात, त्याला संगीत लावतात. दिराकडं स्वतःची जीप नव्हती. महिन्या-दीड महिन्यानं तो माझी न्यायचा, आणि धुऊन आणून द्यायचा म्हणून मी देत होते.

त्यानं फोनवरच निदान केलं. मी अजून पार्किंगमध्येच उभी होते, गाडी बंद होती.

"वैनी, ट्रान्सफर गेला."

ट्रान्सफर म्हणजे गिअरबॉक्सच्या मागची लोखंडी पेटी. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना तिच्यातून वाटली जाते.

"तुम्ही आवाज ऐकलाच कुठं?" मी विचारलं.

"ऐकायला कशाला पायजे? जुन्या गाडीत तेच जातंय. आमच्या ग्रुपमध्ये चौघांचं गेलंय की."

शेजारच्या चार म्हशींना गोचीड ताप झाला म्हणून पाचवीला न बघता सुई टोचणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल माझं जे मत आहे तेच दिराबद्दल झालं. मी गाडी घेऊन हायवेवरच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला गेले.

तिथं सोफा होता, थंडगार हवा होती, कॉफीचं मशीन होतं. गळ्यात टाय बांधलेला एक तरुण हातात टॅब घेऊन आला, माझ्या मागं दाराकडं बघत म्हणाला, "सर कुठं आहेत?"

"कोणते सर?"

"गाडीचे."

"गाडी माझी आहे."

त्यानं टॅबवर काहीतरी केलं. मी आवाज कधी येतो, कधी थांबतो ते सांगायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका. स्कॅन केलं की सगळं कळतं." मग तो एक वायर घेऊन गाडीत शिरला आणि डॅशबोर्डच्या खाली, वर, ड्रायव्हरच्या पायाजवळ ती वायर खोचायची जागा शोधू लागला. पाच मिनिटं मी ते बघत उभी राहिले. मग सांगितलं की या गाडीत कॉम्प्युटरच नाही. तो बाहेर आला, गुडघ्याची धूळ झटकली आणि मला नव्या गाडीच्या एक्स्चेंज योजनेचं पत्रक दिलं. गाडी रस्त्यावर चालवून बघावी असं त्या इमारतीत एकालाही वाटलं नाही. कागदावर मात्र 'क्राउन-पिनियन बदलणे', म्हणजे ॲक्सलमधली चाकं फिरवणारी दातेरी जोडी बदलणे, असं लिहून मिळालं. कशावरून, हे विचारलं तर म्हणाला, "अनुभव, मॅडम." तो चोवीस-पंचवीसचा असेल.

मला इथंच शहाणपण यायला हवं होतं. आलं नाही. रोज त्या घुरघुरीत साठ-सत्तर किलोमीटर बसून डोकं उठत होतं, नवरा म्हणत होता, "एकदा उघडून बघू दे की त्याला," आणि मी कंटाळून हो म्हणाले. दिराच्या ग्रुपमधल्या एकाचं गॅरेज होतं. गाडी तिथं गेली. दोन दिवसांचं काम सांगितलं होतं. चौथ्या दिवशी फोन केला तर ट्रान्सफर सुटा करून पाटावर मांडलेला, आणि तेल अडवणारं एक रबरी सील मिळत नाही म्हणून सगळे सील येण्याची वाट बघत बसलेले.

त्याच चौथ्या दिवशी सकाळी नऊला वाडीवरून फोन आला. म्हैस पहाटेपासून कळा देतेय, पुढं काही सरकत नाही.

मी नवऱ्याची छोटी गाडी घेऊन निघाले. आदल्या रात्रीचा पाऊस होता. पायथ्याच्या ओढ्याजवळ ती गाडी चिखलात फिरली आणि तिथंच बसली. तिला सोडलं, बॅग खांद्यावर टाकली आणि चालत वर गेले. पाऊण तास लागला. वर पोचले तेव्हा छाती भात्यासारखी हलत होती आणि पँट मांडीपर्यंत लाल झाली होती.

म्हशीच्या गर्भाशयाला पीळ पडला होता. हात घातल्याबरोबर कळलं. अशा वेळी जनावराला आडवं पाडून, पोटावर फळी ठेवून, ज्या बाजूला पीळ आहे त्याच बाजूला लोळवावं लागतं. शेजारपाजारचे चार बाप्ये बोलावले, दाराची एक जुनी फळी मिळाली, तिच्यावर एकजण उभा राहिला. तिसऱ्या वेळेला पीळ सुटला. हाताला वाट मोकळी लागली, खुर लागले. पण ओढताना पायात काही जोर जाणवेना. रेडी होती. मेलेली आली. अंग अजून ऊबदार होतं. मी नाकातोंडातला चिकटा काढला, पेंढ्यानं चोळलं, उलटी धरली. काही झालं नाही.

म्हैस वाचली. तासाभरानं उभी राहिली आणि मागं वळून वास घेऊ लागली, तेव्हा मालकिणीनं रेडीवर पोतं टाकलं.

ही मालकीण साठीची बाई, एकटी राहते, मुलगा एमआयडीसीत कामाला. मी तिला आक्का म्हणते. तिनं माझ्या हातावर पाणी घातलं, चहा ठेवला आणि मग विचारलं, "गाडी कुटं तुमची?"

"दुरुस्तीला दिलीय आक्का."

"काय झालतं?"

"आवाज येत होता."

तिनं चुलीत लाकूड पुढं सारलं. "चालत हुती न्हवं?"

"चालत होती."

"मग आवाजापायी ठेवली व्हय?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. चहा घेतला आणि उतरले. खाली येताना मी दिराला, त्या टायवाल्याला, गॅरेजवाल्याला मनातल्या मनात काय काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. स्वतःलाही सोडलं नाही. पंचवीस वर्षं मी लोकांना ओरडून सांगत आलेय की, शेजाऱ्याला विचारू नका, जनावराकडं बघा. आणि स्वतःची गाडी मात्र ज्यांनी तिचा आवाजही ऐकला नव्हता अशांच्या हाती दिली.

सहाव्या दिवशी गाडी आली. दिरानं स्वतः आणून दिली. "वैनी, नवी झाली बघा." मी चावी घेतली, रस्त्यावर काढली, चाळीसवर नेली. घुर्र.

परत आले तर तो अंगणात चहा पीत बसला होता.

"आवाज आहे."

"जरा चालू द्या. नवे पार्ट बसायला टाईम लागतो की."

"आणि न बसले तर?"

"मग क्राउन." त्यानं बशीतला चहा संपवला. आता त्यालाही अनुभव आला होता.

त्यानंतर मी कुणालाच विचारलं नाही. एका दुपारी नवऱ्याला शेजारी बसवलं, माझी केसची वही त्याच्या हातात दिली आणि सांगितलं की मी जे बोलेन ते फक्त लिही, मत देऊ नको. हायवेच्या कडेच्या सरळ सर्व्हिस रस्त्यावर गाडी पन्नासला नेली. आवाज. क्लच दाबला. आवाज तसाच. गाडी न्यूट्रल केली, इंजिन नुसतं मंद फिरू दिलं आणि गाडी आपल्या वेगानं घरंगळू दिली. आवाज तसाच. म्हणजे इंजिनाचा दोष नाही, गिअरबॉक्सचा नाही. जे चाकांबरोबर फिरतं त्यातच काहीतरी होतं. ॲक्सिलरेटर दाबून आणि सोडून बघितला. क्राउन-पिनियनचे दाते झिजले असतील तर ओढताना एक आवाज येतो आणि सोडल्यावर दुसरा, हे मी आदल्या रात्री जुन्या मॅन्युअलमध्ये वाचलं होतं. इथं काही बदल नव्हता. मग रिकाम्या पटांगणात डावी-उजवीकडं नागमोडी घेतली. चाकाचं बेअरिंग असेल तर वजन एका अंगाला गेल्यावर आवाज वाढतो. तोही वाढला नाही. ट्रान्सफर तर नुकताच उघडून नव्यानं भरला होता.

नवऱ्यानं सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली रेघ मारली. "मग राहिलं काय?"

"दांडे," मी म्हणाले. ट्रान्सफरमधून पुढच्या आणि मागच्या चाकांकडं जाणारे दोन लोखंडी दांडे. माझ्या गाडीत पुढचा दांडा चार चाकांची ओढ चालू नसतानाही फुकट फिरत असतो, म्हणजे तो काढूनही गाडी चालवून बघता येते. या सगळ्याला पाऊण तास लागला. एवढा पाऊण तास त्या सर्व्हिस सेंटरकडं नव्हता, दिराकडं नव्हता आणि महिनाभर माझ्याकडंही नव्हता.

उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये ट्रकची कामं करणारा एक मिस्त्री होता. पन्नाशीचा, अंगात काळा पडलेला बनियन, बोलण्याचा कंटाळा. मी गेले तेव्हा तो एका ॲक्सलखाली झोपला होता आणि बाहेर आलाच नाही.

"पुढचा दांडा काढायचाय," मी त्याच्या पायांना सांगितलं.

"कुणी सांगितलं?"

"मीच."

"काय करता तुमी?"

"जनावरांची डॉक्टर आहे."

तो बाहेर आला. "मग जाताना माझी शेळी बघा. चार दिस झालं खाईना."

एवढीच त्यानं चौकशी केली. आणि खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणात मला आवडलेला तो पहिला माणूस. त्यानं जॅक लावला नाही, भाषण दिलं नाही, आठ बोल्ट सोडले, दांडा खाली घेतला आणि म्हणाला, "जा, फिरवून आणा."

मी फिरवून आणली. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. पत्रा गप्प. मागचं एक दार खडखडत होतं, ते मला महिनाभरात ऐकूच आलं नव्हतं. पुढच्या चौकातून वळून परत येईपर्यंत मी काचसुद्धा वर केली नाही. सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते असं की, आठ बोल्ट. त्या रेडीच्या आणि माझ्यामध्ये एवढेच आठ बोल्ट होते.

मिस्त्री तोवर दांडा मांडीवर घेऊन बसला होता. दांड्याच्या दोन्ही टोकांना सांध्यासारखा एक जोड असतो, त्याला क्रॉस म्हणतात. मधे दांड्याचे दोन तुकडे एकात एक सरकतात.

"हे बघा," तो म्हणाला. "ह्या टोकाचा क्रॉस धरणारा कान उभा हाय आणि त्या टोकाचा तिरका. दोन्ही कान एका रेषेत पायजेत. दांडा वडून काढला की दोन्ही तुकड्यांवर खूण करायची असती. ज्यानं काढलाय त्यानं खूण न करता फिरवून बसवलाय. घुरणार न्हाय तर काय करल?"

"पण हा कुणीच काढला नव्हता. गॅरेजमध्ये गाडी गेली त्याच्या आधीपासून आवाज आहे."

"कुणीच न्हाय?" त्यानं पुढचा क्रॉस अंगठ्यानं पुसला. दांडा गंजलेला, मातकट, आणि त्यात तो एक क्रॉस नवा कोरा चकाकत होता. "मग ह्यो काय गाडीला आपोआप उगवला व्हय?"

गंमत म्हणजे मला आठवायला वेळ लागला नाही. आवाज सुरू होण्याआधीच्या रविवारी गाडी कुणाकडं होती ते मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. परत आली तेव्हा नेहमीपेक्षा जास्त स्वच्छ धुतलेली होती, खालूनसुद्धा.

मिस्त्रीनं दोन्ही कान एका रेषेत आणून दांडा परत बसवला. शेळीच्या दाढेत बाभळीचा काटा रुतला होता, तो मी चिमट्यानं काढला. मग उठून थेट पेठ वडगाव गाठलं.

दीर दुकानात एका जोडप्याला बाथरूमच्या फरशा दाखवत होता. मी थांबले नाही.

"भावजी, जीपचा पुढचा क्रॉस तुम्ही बदललासा?"

त्यानं हातातली फरशी खाली ठेवली. "त्या रविवारी जरा आवाज आला म्हणून बदलला. आमीच बदलला, तिथंच, डोंगरात. व्हिडिओ बी हाय."

"मला का सांगितलं नाहीसा?"

"त्यात काय सांगायचं वैनी? उलट तुमचं काम करून दिलं की."

"आणि त्यानंतर आवाज यायला लागला तेव्हा?"

"ते ट्रान्सफरचं..." त्यानं सुरुवात केली आणि थांबला. ते जोडपं आता फरशांकडं बघत नव्हतं. मला वाटतं त्याच्या डोक्यात हे दोन प्रसंग खरोखरच कधी शेजारी आले नव्हते. आपण हात लावला ती गोष्ट बिघडू शकते, हा विचारच त्याच्याकडं नव्हता. मुद्दाम लपवलं असतं तर मी त्याला निदान लबाड म्हटलं असतं. लबाड माणसाला निदान आपलं काय चुकलं ते ठाऊक असतं.

मी त्याला रेडीबद्दल सांगितलं. पाऊण तास चाललेलं, फळी, पोतं, सगळं. त्यानं खाली ठेवलेली फरशी परत उचलली. मग हळू आवाजात म्हणाला, "पण वैनी, गाडी असती तरी रेडी जगलीच असती असं न्हाय की."

ते खरं होतं. पहाटेपासून पीळ होता. पाऊण तास आधी पोचले असते तर ती जिवंत असती का, हे मी डॉक्टर म्हणून छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याच्या महिनाभराच्या बडबडीतलं एवढं एकच वाक्य बरोबर होतं, आणि ते त्यानं नेमकं तिथं वापरलं, याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

"पुन्हा चावी मागू नका," मी म्हणाले आणि निघाले.

घरी त्याचे थोडे दिवस पडसाद उमटले. नवरा म्हणाला, "अगं, भाऊ हाय माझा. एवढ्यासाठी?" मी विचारलं, एवढ्यासाठी म्हणजे कशासाठी, तर तो वही काढून त्या दुपारचं पान उगीच चाळत बसला. दिवाळीला दीर आला, फराळ केला, माझ्याशी सोडून सगळ्यांशी बोलला. पुढं कळलं की त्या ग्रुपमध्ये जुन्या गाड्यांचे आवाज कसे ओळखावेत यावर तो मार्गदर्शन करतो.

आक्काकडं मी नंतर दोनदा जाऊन आले, म्हशीला बघायला. आवाज कशानं येत होता ते सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. म्हैस दूध बऱ्यापैकी देते.

पान्यांचा एक संच घेतला आहे. दोन महिन्यांतून एकदा अंगणात पोतं अंथरते, जीपखाली झोपते आणि दोन्ही दांड्यांच्या सांध्यांत ग्रीस भरते. तुकडे वेगळे करायचे झाले तर आधी खडूनं दोन रेघा ओढते. हे चालू असताना गल्लीतले एकदोघं हमखास कमरेवर हात ठेवून उभे राहतात, वाकून बघतात आणि म्हणतात, "ताई, ते ट्रान्सफर बघून घ्या एकदा." मी ग्रीसनं बरबटलेला हात बाहेर काढते आणि म्हणते, तेरा नंबरचा पाना द्या जरा. मग त्यांना घरी काहीतरी काम निघतं.